जठराला विद्युत उत्तेजन देणारे यंत्र: गॅस्ट्रोपॅरेसिसच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असल्यापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे आणि त्यातूनच पुढे तिला गॅस्ट्रोपॅरेसिस झाला. या आजारात जठराच्या वाटेत कुठेही अडथळा नसतो, तरीही खाल्लेले अन्न वेळेवर पुढे सरकत नाही. त्यामुळे सतत मळमळते, उलट्या होतात, चार घासांतच पोट भरते आणि जेवणानंतर कितीतरी तास पोट गच्च राहते. औषधे आणि पथ्य यांनी भागेनासे झाले, तेव्हा तिच्या जठराला विद्युत उत्तेजन देणारे यंत्र बसवण्याचे ठरले. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. तपासण्यांपैकी काही इथे झाल्या, काही अहमदाबादला, आणि शस्त्रक्रिया मुंबईत झाली. या सगळ्या काळात मराठीतून सलग माहिती कुठे मिळाली नाही, म्हणून ती इथे क्रमाने मांडत आहे. उपचाराचा निर्णय तुमच्या पोटविकारतज्ज्ञांचाच असेल. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचे आणि काय हातात असायला हवे, एवढे या लेखातून कळावे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. हे यंत्र प्रामुख्याने मळमळ आणि उलट्या कमी करण्यासाठी आहे. ते बसवल्यावर जठर भराभर रिकामे होऊ लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

१. यंत्र नेमके काय करते ते समजून घ्या

निरोगी जठरात मिनिटाला साधारण ३ विद्युत लहरी उठतात. जठराच्या मोठ्या वक्रबाजूवरील विशिष्ट पेशींपासून त्या सुरू होतात आणि त्यांच्या तालावर जठराचे स्नायू आकुंचन पावून अन्न घुसळतात व पुढे ढकलतात. बोलताना या यंत्राला 'पोटाचा पेसमेकर' म्हणतात, त्यामुळे ते ही लय दुरुस्त करत असावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचे काम वेगळे आहे. जठराच्या स्नायूंच्या थरात, जठराच्या खालच्या दारापासून सुमारे १० सें.मी. अंतरावर, एकमेकींपासून १ सें.मी. दूर अशा दोन तारा बसवतात आणि त्यांची टोके पोटाच्या त्वचेखाली ठेवलेल्या एका लहान बॅटरीच्या डबीला जोडतात. नेहमीच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये ही डबी ०.१ सेकंद चालू राहते आणि ५ सेकंद थांबते. चालू असताना ती १४ हर्ट्झच्या गतीने, ५ मिलीअँपिअरचे, प्रत्येकी ३३० मायक्रोसेकंदांचे सूक्ष्म स्पंद सोडते. एवढ्या कमी ऊर्जेने जठराचा स्नायू आकुंचन पावत नाही. परिणाम होतो तो मुख्यतः जठराकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूंच्या मार्गे, असे आज मानले जाते. म्हणूनच उलट्या थांबलेल्या रुग्णाच्या तपासणीतही जठर पूर्वीइतकेच मंद दिसू शकते, आणि तसे दिसले म्हणून यंत्र निकामी ठरत नाही.

'एन्टेरा' या नावाच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २००० मध्ये मानवतावादी सवलतीखाली परवानगी दिली. थोड्या रुग्णांना लागणाऱ्या उपकरणांसाठी ही वाट आहे. तिच्यात सुरक्षितता आणि संभाव्य लाभ पाहिला जातो, परिणामकारकतेचा पूर्ण पुरावा मागितला जात नाही. पुराव्याची स्थितीही स्पष्टपणे सांगायला हवी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात यंत्र चालू असलेल्या महिन्यात उलट्या कमी आढळल्या. २०१० साली ५५ मधुमेही रुग्णांवरील अभ्यासात पहिल्या सहा आठवड्यांत, म्हणजे सर्वांचे यंत्र चालू असताना, उलट्या निम्म्याहून अधिक घटल्या. मात्र पुढे रुग्णाला न सांगता यंत्र आळीपाळीने चालू-बंद ठेवले, तेव्हा दोन्ही काळांत फरक दिसला नाही. २०२० साली फ्रान्समधील १७२ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात यंत्र चालू असताना उलट्या कमी झाल्या, आणि ज्यांचे जठर तपासणीत मंद नव्हते त्यांनाही उपयोग झाला, परंतु एकूण जीवनमानात फरक दाखवता आला नाही. हे सर्व वाचूनही आम्ही पुढे गेलो, कारण बहिणीचा मुख्य त्रास उलट्यांचाच होता. ज्याला मुख्यतः पोटदुखी आहे, त्याने मात्र या उपचारावर फार भिस्त ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुखण्यावर याचा परिणाम कमी दिसतो, आणि दुखण्यासाठी अफूवर्गीय औषधे सुरू असतील तर तो आणखी कमी होतो.

२. निदान पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नका

पहिली पायरी एन्डोस्कोपीची. जठराचे दार अरुंद झाले आहे का, व्रण किंवा गाठ आहे का, हे त्यात पाहतात. ही तपासणी बडोद्यात सहज होते. अडथळा नाही असे ठरल्यावर जठर रिकामे होण्याचा वेग मोजणारी गॅमा कॅमेऱ्याची तपासणी करतात. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा मिसळलेले अन्न रुग्णाला खायला देऊन लगेच, १ तासाने, २ तासांनी आणि ४ तासांनी पोटाच्या प्रतिमा घेतात. प्रमाणित जेवणानंतर २ तासांनी ६० टक्क्यांहून अधिक, किंवा ४ तासांनी १० टक्क्यांहून अधिक अन्न जठरात शिल्लक असेल, तर जठर मंद आहे असे ठरते.

सर्वाधिक गोंधळ या तपासणीत होतो, म्हणून तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

वेळ ठरवण्याआधी फोन करून तपासणी पूर्ण ४ तासांची आहे का आणि अन्न घन स्वरूपाचे देतात का, हे विचारा. दीड-दोन तासांत गुंडाळलेली किंवा केवळ द्रवपदार्थावर केलेली तपासणी पुढच्या केंद्रात ग्राह्य धरतीलच असे नाही, आणि मग सगळे पुन्हा करावे लागते. प्रमाणित जेवणात अंड्याचा पांढरा भाग, पावाचे दोन तुकडे, जाम आणि पाणी असते. आपल्याकडे अनेक घरांत अंडे चालत नाही. तसे असेल तर आधीच सांगा आणि शाकाहारी पर्याय काय देतात, त्याचे सामान्य आकडे त्यांच्याकडे आहेत का, हेही विचारा.

दुसरा सापळा औषधांचा आहे. जठराची हालचाल वाढवणारी किंवा मंदावणारी औषधे तपासणीपूर्वी साधारण २ ते ३ दिवस बंद ठेवावी लागतात. मेटोक्लोप्रामाइड बंद करायचे हे सर्वांना माहीत असते. परंतु ॲसिडिटीची म्हणून घरोघरी घेतली जाणारी, नावामागे 'डी' किंवा 'डीएसआर' असलेली गोळी म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असते, आणि ते जठराची हालचाल वाढवणारे औषध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असते. उलट बाजूने, पोटात कळ आली की घेतले जाणारे डायसायक्लोमिन, दुखण्यासाठी दिलेले ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातील कोडीन ही सर्व जठर मंदावतात. वजन किंवा साखर यांसाठी सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड अशी इंजेक्शने सुरू असतील तर तीही मंदावतात, आणि त्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरत नाही. म्हणून घरातील सर्व पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि काय कधी बंद करायचे ते लिहून घ्या. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. भांग किंवा गांजा घेण्यात येत असेल तर तेही न लाजता सांगा. त्यानेही वारंवार उलट्यांचा वेगळा आजार होतो आणि त्यावर हे यंत्र हा उपाय नाही.

मधुमेही रुग्णाने तपासणीच्या सकाळी साखर मोजूनच निघावे. साखर फार वाढलेली असली तर केवळ त्यानेच जठर मंदावते. २७५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तपासणी पुढे ढकलणे योग्य.

३. औषधे आणि आहार यांचा प्रयत्न पुरता झाला आहे का ते पाहा

कोणतेही केंद्र यंत्राचा विचार करण्यापूर्वी हाच प्रश्न विचारते, आणि 'सगळी औषधे करून झाली' एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. कोणते औषध, किती मात्रेत, किती दिवस घेतले आणि का थांबवले, याचा तक्ता करा. मेटोक्लोप्रामाइड साधारणतः १२ आठवड्यांहून अधिक काळ देत नाहीत, कारण त्याने चेहरा, जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात. तसे काही दिसले असेल तर तारखेसह नोंदवा. डोमपेरिडोन घेण्यापूर्वी आणि घेत असताना ईसीजी काढलेला असावा, कारण हृदयाच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. एरिथ्रोमायसिन सुरुवातीला चांगले लागू पडते, पण काही आठवड्यांत त्याचा गुण ओसरतो.

आहाराच्या बाबतीत तत्त्व सोपे आहे: थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, कमी स्निग्ध, कमी चोथ्याचे आणि शक्य तितके मऊ किंवा पातळ. आपल्या स्वयंपाकघरात हे अवघड नाही. मऊ भात, पेज, दुधी भोपळ्याचे गाळलेले सार, साय काढलेल्या दुधाचे दही, पातळ रव्याची खीर, नीट शिजवून गाळलेले मुगाचे कढण असे पदार्थ बहिणीला चालत. मधुमेह असेल तर यांपैकी कशाने साखर किती चढते ते आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्या. बडोद्याच्या सेव-उसळीला मात्र पूर्ण विराम द्यावा लागतो, आणि उंधियू, फाफडा, कच्च्या कोशिंबिरी, संत्र्याच्या फोडी, ओले खोबरे, अंजीर यांनाही. मंद जठरात या चोथ्याचा घट्ट गोळा बनून राहू शकतो.

सर्वांत मोठी चूक इसबगोलाची होते. बद्धकोष्ठ झाले की शेजारीपाजारी, नातेवाईक आणि कधी कधी औषधाचे दुकानदारही रात्री इसबगोल घ्यायला सांगतात. गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये तो टाळायचा असतो, कारण पाण्यात फुगणारा हा चोथा जठरातच अडकून पडतो. बद्धकोष्ठावर दुसरी औषधे आहेत. ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

यंत्राला पर्याय म्हणून जी-पोएम या प्रक्रियेचीही चौकशी करा. त्यात तोंडावाटे एन्डोस्कोप घालून जठराच्या खालच्या दाराचा स्नायू आतून छेदतात, पोटावर चीर लागत नाही आणि शरीरात काही ठेवले जात नाही. भारतातील मोठ्या पोटविकार केंद्रांत ती केली जाते. जठर खरोखरच फार मंद असेल तर तिचा विचार आधी होऊ शकतो. डॉक्टरांनी दोन्हींची तुलना स्वतःहून केली नाही तर तुम्ही विचारा.

४. उलट्यांची वही लिहा

माझ्या मते या सबंध प्रक्रियेत सर्वांत मोलाची वस्तू एक साधी वही आहे. मोठ्या आखीव वहीच्या एका पानावर एक दिवस: डावीकडे वेळ, मग काय आणि किती खाल्ले, इन्सुलिन किती, साखर किती, मळमळ ० ते ५ पैकी किती, उलटी झाली का, आणि उलटीत कधी खाल्लेले अन्न दिसले. हा शेवटचा रकाना आम्हाला एका परिचारिकेने सुचवला. सकाळी सहाच्या उलटीत आदल्या रात्रीच्या भाताची शिते दिसली, अशी नोंद वाचून डॉक्टरांना जे कळते ते 'खूप उलट्या होतात' या वाक्यातून कळत नाही.

डॉक्टर ज्या प्रश्नावलीने तीव्रता मोजतात, तिच्यात गेल्या दोन आठवड्यांतील ९ लक्षणांना ० ते ५ गुण देतात. तिची प्रत मागून घ्या आणि शस्त्रक्रियेपूर्वी, नंतर व प्रत्येक भेटीच्या वेळी भरा. यंत्राचा उपयोग होतो आहे की नाही, हे पुढे ठरवायचे तर आधीची मोजणी हाताशी असलीच पाहिजे. आठवणीवर विसंबून ते ठरत नाही.

५. केंद्र निवडताना शस्त्रक्रियेपलीकडचे विचारा

बडोद्याहून अहमदाबाद सुमारे ११० कि.मी. आणि मुंबई सुमारे ४०० कि.मी. जवळचे शहर पाहून निवड करण्याचा मोह होतो, पण अंतर हा यातला दुय्यम मुद्दा आहे. तारा बसवणे हे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत निष्णात असलेल्या शल्यचिकित्सकाला अवघड नाही. अवघड आहे ते पुढची अनेक वर्षे यंत्राचे सेटिंग तपासणे व बदलणे. त्यासाठी वेगळे प्रोग्रॅमर उपकरण आणि ते वापरता येणारी व्यक्ती लागते. एका रुग्णालयाने आम्हाला फोनवर सांगितले की सर्व सोय आहे. प्रत्यक्ष भेटीत कळले की सेटिंग करणारे कोणी त्यांच्याकडे नव्हते, तशी व्यक्ती बाहेरून बोलवावी लागणार होती आणि ती कधी येईल हे कोणालाच सांगता येत नव्हते. आम्ही तिथून परत आलो.

म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे शक्यतो ईमेलवर, लेखी मागा. हे यंत्र या रुग्णालयात याआधी बसवले गेले आहे का? यंत्र सध्या भारतात मिळते का, की मागवावे लागेल, आणि मागवायचे असल्यास किती अवधी धरायचा? मॉडेल कोणते? प्रोग्रॅमर रुग्णालयाच्या ताब्यात आहे का? सेटिंगच्या भेटीसाठी दर वेळी किती शुल्क? जंतुसंसर्ग होऊन यंत्र काढावे लागले तर खर्चाचे काय? कायमचे यंत्र बसवण्यापूर्वी काही केंद्रांत एन्डोस्कोपीतून तात्पुरती तार बसवून काही दिवस परिणाम पाहतात. ती सोय आहे का, हेही विचारा. ती नसली म्हणून केंद्र वाईट ठरत नाही, पण असली तर निर्णय घेणे सोपे होते.

६. खर्च, विमा आणि कागदपत्रे

अंदाजपत्रक एका आकड्यात घेऊ नका. यंत्र, तारा, शस्त्रक्रियागृह, भूल, खोली, सेटिंग असे प्रत्येक कलम वेगळे मागा, आणि बॅटरी संपल्यावर डबी बदलण्याचा खर्चही आजच विचारून ठेवा. बॅटरी सेटिंगनुसार साधारण ५ ते १० वर्षे टिकते. डबी बदलण्यासाठी पुन्हा लहान शस्त्रक्रिया लागते, तारा मात्र सहसा त्याच राहतात.

विमा असेल तर पॉलिसीतील 'सिद्ध न झालेले उपचार' हे वगळणुकीचे कलम आधी वाचा, कारण दावा नाकारताना बोट बहुधा त्याच्यावर ठेवले जाते. त्यासाठी डॉक्टरांच्या पत्रात कोणती औषधे अपयशी ठरली, वजन किती घटले, किती वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, हे सविस्तर लिहून घ्या. मधुमेह हा आधीपासूनचा आजार धरला जाईल. त्यासाठीची प्रतीक्षा ३६ महिन्यांहून अधिक असू शकत नाही, असा २०२४ पासूनचा नियम आहे. आयुष्मान कार्डावर हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील त्या योजनेच्या खिडकीवर लेखी विचारावे. तोंडी 'हो'वर तिकिटे काढू नयेत.

सोबत ठेवायची फाईल अशी:

- एन्डोस्कोपीचा अहवाल, छायाचित्रांसह
- गॅमा कॅमेरा तपासणीचा अहवाल, ज्यात २ आणि ४ तासांची टक्केवारी लिहिलेली आहे
- औषधांचा तक्ता आणि उलट्यांची वही
- याआधी रुग्णालयात दाखल झाल्याच्या वेळची सर्व डिस्चार्ज पत्रे
- एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), थायरॉइड, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन यांचे ताजे अहवाल आणि ईसीजी
- वजनाची महिनावार नोंद
- आधार कार्ड, विम्याची मूळ पॉलिसी आणि पूर्वमंजुरीचे पत्र

गुजरातीत हाताने लिहिलेले काही कागद असतील तर त्यांचा गोषवारा स्थानिक डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. मुंबईत ते वाचणारे मिळेलच याची खात्री नसते.

७. शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

वजन फार घटलेले असेल तर आधी पोषण सुधारावे लागते, कधी नाकातून लहान आतड्यापर्यंत नळी घालूनही. याला उशीर समजून कुरकुर करू नका. अशक्त शरीरात जखम भरत नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साखरही आटोक्यात आणावी लागते.

भूलतज्ज्ञांना गॅस्ट्रोपॅरेसिस आहे हे स्वतः सांगा. नेहमीच्या रुग्णाला आदल्या रात्रीपासून उपाशी राहणे पुरते. मंद जठरात तेवढ्या वेळानंतरही अन्न असू शकते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी एक-दोन दिवस केवळ द्रव आहार सांगितला जाऊ शकतो. त्या काळात इन्सुलिन किती घ्यायचे, हे लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष डॉक्टरांच्या लक्षात येईलच असे नाही. डबी त्वचेखाली कुठे बसवायची, ती जागा रुग्णाला उभे करून, बसवून आणि नेहमीच्या कपड्यांत पाहून आखून घ्या. बहीण साडी आणि सलवार दोन्ही नेसते-घालते. परकराची किंवा सलवारीची नाडी जिथे बांधली जाते, नेमकी तिथेच पहिली खूण होती. ती वर सरकवून घेतली. गाडीचा पट्टा कुठून जातो, रात्री कोणत्या कुशीवर झोपता, पोटावर इन्सुलिन कुठे टोचता, हेही त्या वेळी सांगा. डबीच्या जागी पुढे सुई टोचायची नसते.

८. शस्त्रक्रियेचा दिवस

शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली, बहुधा दुर्बिणीतून होते. तारा स्नायूच्या थरात बसवल्यावर त्या जठराच्या आतल्या बाजूला निघालेल्या नाहीत ना, हे एन्डोस्कोपीने पाहतात. नंतर यंत्राचा विद्युत रोध मोजतात; तो साधारण २०० ते ८०० ओहमच्या दरम्यान असावा. रुग्णालयातून सुटका सहसा काही दिवसांत होते. निघण्यापूर्वी यंत्राचे ओळखपत्र, मॉडेल व अनुक्रमांक, आणि पहिल्या सेटिंगची छापील किंवा हाताने लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. ही चिठ्ठी आपणहून कोणी देत नाही.

९. घरी आल्यावर

पहिले काही आठवडे जड उचलणे, वाकून ताण देणे टाळावे. डबीची जागा चाचपून पाहण्याची सवय लागू देऊ नका. सततच्या चाळ्याने डबी फिरते आणि तारांना पीळ बसतो. जागा लाल होणे, गरम लागणे, सुजणे, पाणी येणे किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डबीपर्यंत संसर्ग पोहोचला तर सहसा सगळे यंत्र काढावे लागते.

उलट्या कमी होऊ लागल्या की इन्सुलिनचे गणित बदलते, हे आम्हाला फार जाणवले. अन्न पोटात टिकू लागते, म्हणून साखर वाढते. तरीही ते जठरातून सावकाशच पुढे जात असल्यामुळे जेवणाआधी घेतलेले इन्सुलिन लवकर काम करून साखर उतरवू शकते. सुरुवातीला साखर अधिक वेळा मोजा आणि इन्सुलिनची वेळ मधुमेहतज्ज्ञांशी पुन्हा ठरवा.

कंबर किंवा खांदा दुखला म्हणून फिजिओथेरपीला गेलात, तर डायथर्मीचा शेक घेऊ नका. विद्युतलहरींनी खोलवर उष्णता देणारे हे डायथर्मीचे यंत्र गल्लोगल्लीच्या केंद्रांत असते आणि रुग्णाला न विचारता लावले जाते. डायथर्मीची ऊर्जा तारांमधून जठरापर्यंत पोहोचून तिथला भाग आतून भाजू शकतो. जठराचे यंत्र बसवलेल्या रुग्णासाठी ती पूर्णतः वर्ज्य आहे. एमआरआय सांगितला गेला तर आधी ओळखपत्र दाखवा. कोणत्या मॉडेलवर शरीराच्या कोणत्या भागाचा एमआरआय कोणत्या अटींवर करता येतो, हे यंत्र बसवणाऱ्या केंद्राकडून लेखी घेतल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकू नका. पुढे कोणतीही दुसरी शस्त्रक्रिया ठरली तर विद्युत दहनाचे (विजेने कापून रक्तस्राव थांबवणारे, कॉटरी) उपकरण वापरण्याबद्दल शल्यचिकित्सकांना सूचना द्यावी लागते. विमानतळावर, मॉलमध्ये किंवा मंदिराच्या दारात हातातील तपासणीयंत्र पोटावर धरू न देता ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी करायला सांगा. मोबाईलची अडचण नाही. मोठी लोहचुंबके मात्र दूर ठेवा.

१०. सेटिंगच्या भेटी आणि निर्णयाची वेळ

सेटिंग बदलताना काही दुखत नाही. प्रोग्रॅमरचे चपटे टोक कपड्यावरूनच डबीवर धरतात, पडद्यावर रोध, बॅटरी आणि सध्याचे आकडे दिसतात, आणि तंत्रज्ञ विद्युतप्रवाह किंवा चालू राहण्याचा काळ वाढवतात. प्रत्येक भेटीत जुने व नवे आकडे वहीत उतरवून घ्या. रोध फार वाढला किंवा फार उतरला असेल तर तार सुटली आहे का, याची तपासणी करायला सांगा. प्रवाह वाढवल्यावर पोटाच्या भिंतीत टोचल्यासारखे किंवा झटका बसल्यासारखे वाटू लागले तर लगेच सांगावे. ते सहन करत बसण्याचे कारण नाही.

काहींना पहिल्या काही आठवड्यांत फरक कळतो, काहींना सेटिंग दोन-तीनदा बदलल्यावर. त्यामुळे महिन्याभरात निराश होऊ नका आणि जुनी औषधे आपल्या मनाने थांबवूही नका. सुमारे वर्षभर योग्य सेटिंग करूनही प्रश्नावलीचे गुण आणि वहीतील उलट्या जागच्या जागी असतील, तर यंत्र बंद ठेवून पाहणे, जी-पोएमचा विचार करणे, लहान आतड्यात आहारनळी बसवणे किंवा यंत्र काढून टाकणे, हे पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. यंत्र बसवले म्हणजे ते जन्मभर ठेवलेच पाहिजे असे नाही.

यंत्र चालू असतानाही काही प्रसंगी वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागते: उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळसर चोथा दिसणे, दिवसभर पाणीसुद्धा पोटात न टिकणे, मधुमेही रुग्णाच्या लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साचणारी आम्लद्रव्ये) वाढणे, पोट कडक होऊन असह्य दुखणे. तिथल्या डॉक्टरांनी हे यंत्र पूर्वी पाहिलेले असेलच असे नाही, म्हणून ओळखपत्र, शेवटच्या सेटिंगची चिठ्ठी, औषधांची यादी आणि यंत्र बसवणाऱ्या केंद्राचा दूरध्वनी क्रमांक यांचा एक संच पाकिटात आणि एक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये ठेवा.